कान नसलेला प्रेक्षक

नाटक पाहावयास जाणाऱ्या मनुष्यास आपण 'प्रेक्षक' म्हणतों, 'श्रोता' म्हणत नाहीं. तो ज्या घरांत जाऊन बसतो त्या घरास 'प्रेक्षागृह' असें नांव आहे. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भाग केले आणि नाटकाची गणना निःशंकपणें पहिल्या भागांत केली. कालिदासानें तर 'मालविकाग्निमित्रां'त नाट्याचार्य गणदासाच्या तोंडीं, नाट्य म्हणजे देवांनीं डोळ्यांनीं आस्वादावयाचा यज्ञच होय, अशा अर्थाचे उद्गार घातले आहेत. इतकें असतां, ज्याचे डोळे उत्तम आहेत परंतु कान गेले आहेत अशा मनुष्यास आज आपल्या नाट्यगृहांत काय मिळतें, असा प्रश्न केला तर बहुतेक ठिकाणीं उत्तर एकच येईल: बसावयास एक खुर्ची! चित्रपटगृह, वस्तुसंग्रहालय, व्याख्यानमाला, कीर्तनाचा मंडप, कोठेंहि जा. स्थिति थोड्याफार फरकानें हीच आहे.

हा विषय परक्यांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. २०११ च्या जनगणनेंत ऐकण्याचें अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक झाली आहे. वार्धक्यामुळें ज्यांची श्रवणशक्ति हळूहळू मंदावली, आणि ज्यांस घरचे लोक 'आजोबांना जरा मोठ्यानें सांगावें लागतें' एवढ्यावरच सोडून देतात, अशीं माणसें आपणांस अपंग म्हणून कोठें नोंदवीत बसत नाहींत. तीं घरोघर आहेत. नाटकाचीं तिकिटें काढतांना 'त्यांना काय कळणार, उगीच बसून कंटाळतील' असें म्हणून ज्यांचें तिकीट वगळलें जातें, तीं हींच.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडीं एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकूं येत नाहीं. बुद्धि चलाख, मराठी वाचन माझ्या हातांखालून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांहून सरस, आणि मैत्रिणी जमल्या म्हणजे खुणांच्या भाषेंत ती इतकी गप्पिष्ट कीं तिचे हात म्हणून थांबत नाहींत. गेल्या हिवाळ्यांत घरचीं सर्व माणसें एका गाजलेल्या विनोदी नाटकास गेलीं, तीहि गेली. पहिल्या अंकांत सभागृह सात-आठ वेळां हास्यानें दुमदुमलें. प्रत्येक वेळीं ती आईच्या हातास स्पर्श करून काय झालें तें विचारी, आणि आई अंधारांत खूण करी, 'घरीं गेल्यावर सांगतें.' दुसऱ्या अंकापासून तिनें विचारणें सोडलें, आणि शेजारचीं माणसें हसलीं म्हणजे तीहि हसूं लागली. तिच्या आईनें ही हकीकत मला सांगितली तेव्हां त्या माउलीचा कंठ दाटून आला होता. नाटक न समजणें हें दुःख लहान आहे; न समजतां समजल्यासारखें हसावें लागणें हें मोठें. आणि 'घरीं गेल्यावर' सांगितलेला विनोद हा दुसऱ्या दिवशींच्या भज्यांसारखा असतो. त्यांत ना ऊब, ना खुसखुशीतपणा.

येथें दोष त्या मुलीच्या कानांचा आहे असें आपण सहज म्हणून जातों. परंतु विचार केला पाहिजे तो असा, कीं प्रेक्षागृह कोणासाठीं बांधावयाचें आणि कसें बांधावयाचें, याविषयीं आपल्याच शास्त्रानें काय दृष्टि ठेविली होती.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या रचनेस वाहिलेला आहे. लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी असे नाट्यगृहाचे तीन आकार, आणि १०८, ६४ व ३२ हात अशीं तीन मापें त्यानें सांगितलीं आहेत. यांपैकीं मनुष्यांसाठीं त्यानें पसंत केलें तें ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम घर. हात दीड फुटाचा धरला तर हें घर ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद होतें. याहून मोठें कां नको? भरताचें कारण असें, कीं घर फार मोठें झालें तर नटाचा आवाज विरून बेसूर होतो, आणि त्याच्या मुखावरील भाव दूरच्या प्रेक्षकांस स्पष्ट दिसत नाहींत. खिडक्या लहान असाव्या, वारा खेळूं नये, घर पर्वतांतील गुहेसारखें असावें, म्हणजे ध्वनि गंभीर उमटतो, असेंहि तो सांगतो. येथें लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं त्यानें आधीं प्रेक्षकाच्या डोळ्यांचा आणि कानांचा विचार केला व मग दोरी धरून जमीन आंखली. प्रेक्षकास जें पोंचत नाहीं तें झालेंच नाहीं, हें त्याच्या सर्व मोजमापाच्या मुळाशीं असलेलें सूत्र आहे. तेंच सूत्र आज कर्णबधिर प्रेक्षकास लावावयाचें, एवढीच माझी मागणी आहे.

अभिनयाचे प्रकार सांगतांनाहि भरतानें वाणीस एकटीला गादीवर बसविलें नाहीं. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अशा चार प्रकारांत वाचिक हा एक. एका हातानें करावयाच्या २४ आणि दोन हातांनीं करावयाच्या १३ मुद्रा त्यानें नांवानिशीं वर्णिल्या आहेत. या मुद्रा म्हणजे कर्णबधिरांची भाषा नव्हे, हें खरें. नृत्यांतील संकेत वेगळे आणि नित्य व्यवहाराची भाषा वेगळी. तथापि हातांनीं अर्थ सांगतां येतो आणि तो अर्थ रसिकांच्या मनांत रस उत्पन्न करूं शकतो, हें ज्या परंपरेस दोन सहस्र वर्षें ठाऊक आहे, तिनें खुणांच्या भाषेस हलकें लेखावें हें आश्चर्य नव्हे काय?

हलकें लेखिलें मात्र खरें, आणि तें केवळ येथेंच नव्हे. इतिहासांत कधीं कधीं दोन तारखा अशा शेजारीं येऊन बसतात कीं पाहणाऱ्यास नवल वाटावें. १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचें युग सुरू झालें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली होती. तिनें असा ठराव केला, कीं बहिऱ्या मुलांस शिकवितांना खुणांची भाषा वर्ज्य करावी आणि तोंडानें बोलणें तेवढें शिकवावें. मत देणाऱ्यांत स्वतः बहिरे जवळजवळ कोणी नव्हते! म्हणजे आमच्याकडे कानाचा सोहळा ज्या शरदृतूंत सुरू झाला, त्याच सुमारास तिकडे हातांचें बोलणें बंद करण्याची आज्ञा सुटली. त्या ठरावाची छाया जगभर पसरली, आणि पुढें कित्येक पिढ्यांच्या मुलांस वर्गांत हात हालविले म्हणून शिक्षा सोसावी लागली. विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकानें १९६० सालीं, खुणांच्या भाषेस स्वतःचें व्याकरण आहे व ती इतर भाषांसारखीच पूर्ण भाषा आहे, हें शास्त्रीय रीतीनें मांडलें. मिलानच्या ठरावांचा त्याग आणि त्यांपासून झालेल्या हानीबद्दल खेद हीं मात्र २०१० सालीं व्हँकुव्हर येथील परिषदेंत व्यक्त झालीं. एक चूक सुधारावयास एकशेंतीस वर्षें लागलीं!

दार बंद झाल्याची दुसरी कथा चित्रपटांची आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्या चित्रांत आवाज नव्हता. मधून मधून पडद्यावर अक्षरें येत आणि प्रेक्षक तीं वाचीत. वाचतां येणाऱ्या बहिऱ्या मनुष्यास त्या अंधाऱ्या घरांत इतरांहून कांहींएक कमी नव्हतें. ही समता अठरा वर्षें टिकली. १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षीं 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला, लोकांनीं आनंदानें टाळ्या वाजविल्या. आणि अक्षरें पडद्यावरून गेलीं. त्या दिवशीं कोणी बाहेर राहिलें, हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. अमेरिकेंत एमर्सन रोमेरो नांवाचा एक बहिरा नट मूकपटांत काम करीत असे; बोलपट आल्यावर त्याचें काम सुटलें. त्यानेंच १९४७ सालीं बोलपटांच्या फिती विकत घेऊन त्यांत मधून मधून अक्षरांचे तुकडे जोडले आणि ते आपल्या बांधवांस दाखविण्याचा उद्योग आरंभिला. १९५८ सालीं तेथील सरकारनें या कामासाठीं कायदा केला. हल्लीं ज्यास आपण सबटायटल म्हणतों त्याच्या इतिहासांत या बहिऱ्या गृहस्थाचें ऋण मोठें आहे.

आतां उपायांकडे वळूं. आरंभींच एक शब्द सुधारून घेतला पाहिजे. 'मूकबधिर' हा शब्द आपल्या तोंडीं बसला आहे, परंतु तो अयथार्थ आहे. ज्यास ऐकूं येत नाहीं त्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो, आणि ज्यास स्वतःची भाषा आहे त्यास मूक म्हणणें हें पाहणाऱ्याचें अज्ञान होय. म्हणून 'कर्णबधिर' म्हणावें. आणि हे कर्णबधिर सर्व एका प्रकारचे नसतात, हें न ओळखल्यामुळें पुष्कळ सदिच्छा फुकट जाते. स्थूलमानानें तीन वर्ग करतां येतील: जन्मापासून न ऐकणारे व खुणांच्या भाषेंत वाढलेले, पुढें केव्हांतरी ऐकणें गेलेले, ज्यांची भाषा मराठीच आहे, आणि श्रवणयंत्र लावून थोडेंबहुत ऐकणारे. तिघांचें औषध निरनिराळें आहे.

पहिल्या वर्गास दुभाषी पाहिजे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनीं केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिचा शब्दक्रम वेगळा. 'कोण', 'कोठें' हा प्रश्नार्थक शब्द तींत बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो, आणि भिवया उंचावणें हाहि व्याकरणाचाच भाग असतो. दिल्लीस २०१५ सालीं या भाषेच्या संशोधनासाठीं व दुभाषी तयार करण्यासाठीं सरकारी केंद्र निघालें, आणि त्यानें सिद्ध केलेल्या कोशांत २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. मुंबईस वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कर्णबधिरांच्या शिक्षणाचें काम करीत आहे. अर्थात् शिकलेला दुभाषी मिळणें अशक्य नाहीं. त्यास बसवावें कसें हें कळलें पाहिजे. प्रयोगाच्या दिवशीं सायंकाळीं बोलावून रंगमंचाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत उभा केलेला दुभाषी निरुपयोगी होय. त्याला संहिता कांहीं आठवडे आधीं दिली पाहिजे, तालीम दाखविली पाहिजे. त्याचा पोशाख साधा व एकरंगी असावा, म्हणजे हात उठून दिसतात. त्याच्यावर एक दिवा प्रयोग संपेपर्यंत राहिला पाहिजे. काळोखाचा प्रवेश असला तरी. तो आणि नट एकाच दृष्टिक्षेपांत दिसतील अशा खुर्च्या या प्रेक्षकांसाठीं राखल्या पाहिजेत. दोन पात्रांचा संवाद चालला कीं तो खांदा एकदां इकडे व एकदां तिकडे वळवून कोण बोलतें तें दाखवितो. हें काम मेंदूस इतकें शिणविणारें आहे कीं वीस-तीस मिनिटांनीं माणूस बदलावा लागतो. म्हणून दुभाषी दोन असावे. कीर्तनांत बुवांच्या मागें साथीदार उभा राहतो त्याचें आपणांस ओझें वाटत नाहीं. याचेंहि वाटूं नये.

दुसऱ्या वर्गास अक्षरें पाहिजेत. पन्नाशीनंतर कान गेलेल्या गृहस्थास खुणांची भाषा येत नाहीं, परंतु मराठी वाचण्यांत तो कोणास हार जाणार नाहीं. 'ओठ पाहून कळत असेलच कीं' असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं आरशापुढें उभें राहून 'पार', 'बार' आणि 'मार' हे तीन शब्द आवाज न करतां उच्चारून पाहावे. ओठांची हालचाल तीच. शिवाय दहाव्या रांगेंतून नटाचे ओठ दिसतात तरी कोणास? म्हणून रंगमंचाच्या वर किंवा बाजूस एक फलक असावा, आणि त्यावर नट बोलेल तसतशीं वाक्यें उमटावीं. नाटकाची संहिता आधीं लिहिलेलीच असते. ती ओळीओळीनें यंत्रांत भरून ठेवावयाची, आणि नाटकाची नस जाणणाऱ्या एका माणसानें नटाच्या मुखाबरोबर एकेक ओळ पुढें सरकवावयाची. विनोदाचें वाक्य आधीं झळकलें तर वाचणारे आधीं हसतील आणि नटाचा विरस होईल, म्हणून या माणसास लय पाहिजे, तबलजीस असते तशी. लंडनमध्यें 'स्टेजटेक्स्ट' नांवाची संस्था २००० सालापासून हें काम करीत आली आहे. तेथील नॅशनल थिएटरनें तर २०१८ सालीं असे चष्मे काढले कीं ते लावणाऱ्यासच तेवढीं अक्षरें दिसावीं. आपल्याकडे ही कल्पना अगदीं अपूर्व आहे असेंहि नाहीं. संगीत नाटकांच्या ऐन भरांत नाट्यगृहाच्या दाराशीं पदांचीं छापील पुस्तकें विकत मिळत, आणि रसिक लोक तीं हातांत धरून गाणें ऐकत. कानाच्या मदतीस डोळा घेण्याची रीति आमच्या आजोबांस ठाऊक होती. फक्त पुस्तकाच्या जागीं फलक आणावयाचा.

तिसरा वर्ग श्रवणयंत्रवाल्यांचा. या वर्गांत अलीकडे माझीहि भरती झाली आहे, म्हणून थोडें अधिक लिहितों. वार्धक्यांत ऐकणें कमी होतें तें सर्व वर्णांचें सारखें होत नाहीं. बारीक, उंच ध्वनि आधीं जातात. शिक्षाशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर स्वर आणि घोष वर्ण पुष्कळ दिवस टिकतात, परंतु श, ष, स हे ऊष्म वर्ण आणि ख, थ, फ यांसारखे अघोष वर्ण प्रथम निरोप घेतात. परिणाम असा होतो, कीं कोणी बोलत आहे हें ऐकूं येतें, पण काय बोललें तें कळत नाहीं. एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर मीं विचारलें, कीं श्रवणयंत्र लावणाऱ्यांसाठीं येथें कांहीं सोय आहे काय? तेथील तरुण गृहस्थ फार सौजन्यानें म्हणाले, "आजोबा, काळजी करूं नका, आवाज मोठा ठेवायला सांगतो." त्या रात्रीं स्वर गडगडले, व्यंजनें गेलीं तीं गेलींच! ज्याची गळती व्यंजनांची आहे त्यास नुसता मोठा आवाज म्हणजे फुटक्या घागरींत अधिक जोरानें पाणी ओतण्यासारखें आहे. शिवाय सभागृहाचा प्रतिध्वनि, पंख्यांची घरघर, शेजारच्या बाईंच्या पिशवीची कुरकुर, हें सारें श्रवणयंत्र संवादाइतक्याच निष्ठेनें मोठें करतें.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. सभागृहाच्या जमिनीखालून एक तार कडें करून फिरवितात आणि नटाच्या ध्वनिग्राहकांतील आवाज विद्युत्प्रवाहाच्या रूपानें तींतून सोडतात. तारेभोंवतीं त्या प्रवाहाप्रमाणें कमीजास्त होणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. पुष्कळ श्रवणयंत्रांत एक सूक्ष्म वेटोळें असतें. 'टी' अक्षराची कळ फिरविली कीं तें वेटोळें हें क्षेत्र पकडतें, आणि मधल्या हवेंतील गोंगाट वगळून नटाचा शब्द थेट कानांत येतो. पाश्चात्य देशांत देवळांपासून तिकिटांच्या खिडक्यांपर्यंत अशी तार असते, व ती आहे हें सांगणारी कानाची पाटी दाराशीं लावलेली असते. यांस 'लूप' म्हणतात. नवें सभागृह बांधतांना किंवा जुन्याची जमीन उखडतांना ही तार घातली तर खर्च थोडा येतो. मागाहून घालावयाची तर जमीन पुन्हां उखडावी लागते. म्हणून जेथें जेथें नाट्यगृहांच्या दुरुस्तीचीं कामें निघतात तेथें तेथें ही गोष्ट वेळींच सुचविली पाहिजे.

यांवर आक्षेप येतात. पहिला, अक्षरांमुळें इतरांचें लक्ष विचलित होतें. परंतु हल्लीं घरोघर मल्याळी आणि कोरियन चित्रपट सबटायटल वाचीत पाहिले जातात, त्यांत कोणाचा रसभंग झाल्याचें ऐकिवांत नाहीं. टोरांटो येथें १९८३ सालीं 'इलेक्ट्रा' या जर्मन संगीतिकेच्या प्रयोगांत रंगमंचाच्या वर इंग्रजी अक्षरें दाखविलीं गेलीं, तेव्हां जाणकारांनीं नाकें मुरडलीं होतीं. पुढें तीच रीति जगांतील मोठमोठ्या संगीतगृहांत रुळली. तीं अक्षरें बहिऱ्यांसाठीं नव्हतीं, भाषा न जाणणाऱ्यांसाठीं होतीं. आपल्या घरांत इंग्रजी शाळेंत वाढलेलीं, किंवा परदेशांतून सुटीस आलेलीं नातवंडें नाटकाची भरदार मराठी ऐकून गोंधळतात; फलकावरील अक्षरें त्यांसहि हात देतील. एकासाठीं बांधलेली पायरी दहांच्या उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप, बहिऱ्यास संगीताचें काय? त्यास उत्तर बेटोव्हेनचें. ७ मे १८२४ रोजीं व्हिएन्ना येथें त्याच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला तेव्हां तो पूर्ण बहिरा होता. लोक टाळ्या वाजवीत होते आणि तो त्यांस पाठ करून उभा होता. गाणाऱ्या एका स्त्रीनें त्यास हलकेंच वळविलें. तेव्हां त्याला दिसावें म्हणून लोकांनीं टोप्या आणि हातरुमाल हवेंत हालविले. त्या रात्रीं व्हिएन्नाच्या प्रेक्षकांनीं जें केलें तेंच आपणांस करावयाचें आहे: जें कानास जात नाहीं तें डोळ्यांस पोंचवावयाचें. आजहि कर्णबधिरांच्या सभेंत टाळ्या वाजवीत नाहींत. दोन्ही हात उंच धरून पंजे हालवितात. शंभर हात असे एकदम हालूं लागले म्हणजे वाऱ्यानें डोलणारें शेत पाहिल्याचा भास होतो.

शिवाय कर्णबधिर हे केवळ प्रेक्षकच असावयाचे असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९६७ सालीं बधिरांची राष्ट्रीय नाटक मंडळी निघाली. लॉस एंजेलिसच्या 'डेफ वेस्ट' मंडळीनें 'बिग रिव्हर' हें संगीत नाटक २००३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नेलें. त्यांत खुणा आणि गाणें हीं बरोबरीनें चालत.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यास कायद्याचेंच उत्तर आहे. अपंगांच्या हक्कांसंबंधींचा आंतरराष्ट्रीय करार २००६ सालीं झाला; त्याच्या तिसाव्या कलमांत सांस्कृतिक जीवनांतील सहभाग हा हक्क म्हणून सांगितला आहे, आणि २००७ सालीं भारतानें तो मान्य केला. आपल्या २०१६ च्या कायद्याच्या २९ व्या कलमांत कला अपंगांस सुगम करण्याचें कर्तव्य शासनावर आहे. १५ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें चित्रपटगृहांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांस सहा महिन्यांची व इतरांस दोन वर्षांची मुदत देऊन, ऐकूं न येणाऱ्यांसाठीं व न दिसणाऱ्यांसाठीं प्रत्येकीं निदान एक सोय करण्यास सांगितलें. परंतु हीं तत्त्वें चित्रपटांपुरतीं आहेत. नाटकाचा प्रयोग, गायनाची बैठक, व्याख्यान, कीर्तन यांस तीं लागू नाहींत. तेथें कायद्यापेक्षां आपली जाग अधिक कामाची आहे.

म्हणून शेवटीं घरच्या माणसांनीं काय करावें तें सांगतों. नाटकास जावयाचें ठरलें कीं नाट्यगृहास व नाटक मंडळीस लेखी विचारावें, कीं दुभाषी, अक्षरफलक किंवा तार यांपैकीं काय आहे. नाहीं असें उत्तर आलें तरी विचारणें सोडूं नये, कारण दहा घरांनीं विचारलें म्हणजे व्यवस्थापकाच्या वहींत ती मागणी होते. तिकीट मिळण्याचा मार्ग केवळ दूरध्वनि असूं नये, मोबाइलवर लिहूनहि तें मिळावें, असा आग्रह धरावा. ज्या नाटकाचें पुस्तक छापलेलें आहे तें घरांतील कर्णबधिर माणसास आधीं वाचावयास द्यावें, मग प्रयोगास न्यावें. हा उपाय आज सायंकाळींहि करतां येईल, त्यास कोणाची परवानगी नको. अंक संपून घंटा होते तिच्याबरोबर एक दिवाहि लुकलुकावा, आणि आगीची सूचना तर दिव्यानें झालीच पाहिजे. हा रसिकतेचा नव्हे, प्राणांचा प्रश्न आहे. वस्तुसंग्रहालयांत मार्गदर्शक तोंडानें जें सांगतो तें छापून हातांत द्यावें.

आणि ज्यांच्या हातीं थोडी सत्ता आहे, म्हणजे गणेशोत्सवाच्या मंडळाचे चिटणीस, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे प्रमुख, व्याख्यानमालेचे कार्यवाह, त्यांस एक विनंति. आपल्या कार्यक्रमांपैकीं एक, वर्षांतून एकच, दुभाष्यासह किंवा अक्षरांसह करून पाहा, आणि तो कोणत्या दिवशीं आहे हें कर्णबधिर मुलांच्या शाळांस व त्यांच्या मंडळांस पंधरा दिवस आधीं लिहून कळवा. न कळवितां केलेली सोय म्हणजे न सांगतां वाढलेलें पान. पहिल्या वर्षीं चारच माणसें येतील. ज्या दारानें पिढ्यान् पिढ्या आंत घेतलें नाहीं त्याकडे लोक एका दिवसांत धांवत येत नाहींत. चौघे आले म्हणून निराश होऊं नये. पुढच्या वर्षीं तेच चौघे आणखी कांहीं जणांस घेऊन येतील.

गीतेच्या पाठापूर्वीं आपण जे ध्यानश्लोक म्हणतों, त्यांत मुक्यास बोलतें करणाऱ्या आणि पांगळ्याकडून पर्वत ओलांडविणाऱ्या माधवास वंदन आहे. तें वंदन आपण नित्य करावें. परंतु दोन दुभाषी, एक दिवा, एक फलक आणि जमिनीखालची एक तार एवढ्यानें जें होण्यासारखें आहे, त्याचा भार त्या माधवावर टाकणें बरें नव्हे. तेवढें आपणांस करतां येतें.